अडीच वर्षांच्या लेकराला आयसिंग कामून द्यायचं?

सेलूची आजी
काल इथं एका ताईंनी लिहिलं, सुट्टीत लेकरांना मारी बिस्किटं, पिठीसाखरेचं आयसिंग आणि रंगीत गोळ्या देऊन बिस्किटं सजवू द्या, घरात याहून चांगली कला नाही. मला राहवलं नाही. पोळ्याला मातीचे बैल करणारी, पोळ्या लाटताना कणकेचा गोळा मागून चिमणी करणारी आपली लेकरं कलेविना वाढली का? अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ सालीच सांगितलंय: २ वर्षांखाली वरून घातलेली साखर नकोच, पुढं दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. चार बिस्किटांवर चमचा-चमचा आयसिंग थापलं की तेवढी होतेच.

नांदेडची आई
ती ताई मीच. काकू, मे महिन्यात ४२ अंशांत लेकरू कुठं सोडू? पोळा श्रावणातल्या अमावास्येला, अन् फ्लॅटमध्ये माती कुठली? टुटीफ्रुटीचा तुकडा उचलताना जी चिमूट लागते, तीच पुढं पेन्सिल धरते. माझी लेक चाळीस मिनिटं एका जागी बसली, मोबाईल न मागता.

लातूरकर
खरी बिस्किटं भट्टीची! दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन जायचो, रात्री अकरापर्यंत नंबर लागायचा. पत्र्याचा डबा भरून नानकटाई. पण भट्टीवाले आपल्या मालातलं काढून घ्यायचे. आई मोजून द्यायची, परत नेहमी कमीच.

जालना, बेकरीवाल्याचा मुलगा
शब्द जपून वापरा. माझ्या वडिलांनी तीस वर्षं भट्टी चालवली. भाजताना पीठातलं पाणी उडतं, वजन घटतंच. दर दिवाळीला लोक तराजू घेऊन भांडायला यायचे. हात पोळले त्यांचे, अन् चोर कोण? तेच?

लातूरकर
तुमच्या वडिलांचं नाव मी घेतलं नाही. पाणी उडतं हे ठीक. पण डब्यात तुकडेच जास्त असायचे, त्याचं काय?

जालना, बेकरीवाल्याचा मुलगा
सायकलवर खड्ड्यातून डबा नेला तर दुसरं काय होणार?

नांदेडची आई
माझा विषय भट्टीनं खाल्ला! एवढंच सांगा, तिथं लेकरांना साच्याला हात लावू द्यायचे का?

जालना, बेकरीवाल्याचा मुलगा
नाही. तापलेले ट्रे असायचे, लेकरं उंबऱ्याबाहेर. मला मात्र वडील उरलेला गोळा द्यायचे. मी त्याचे बैलच करायचो.

परभणी, अंगणवाडी ताई
साखरेवरून भांडायलेत, गळ्याचं कुणी बोलंना. माझ्या भाच्याच्या श्वासनळीत फुटाणा अडकला. रातोरात संभाजीनगरला नेला, दुर्बिणीनं काढला. तेव्हापासून मला आयसिंगवर लावायच्या कडक चंदेरी गोळ्या बघवत नाहीत. पाच वर्षांच्या आत अख्खा शेंगदाणासुद्धा नको, कूट करून द्या.

नांदेडची आई
हे मान्य. गोळ्या आजपासून बंद. आयसिंगऐवजी चक्का घेईन, रंगाला बीटाचा रस. पण ही कला नाही, हे मी ऐकणार नाही.

सेलूची आजी
कणकेची चिमणी आधी, हे मी सोडणार नाही. चक्का असंल तर एक बिस्किट चालंल, तेही जेवल्यावर. आमचा नातू दहा मिनिटं बसत नाही. दही किती वेळ टांगता? रात्रभर?