उत्तर: हेगचा तो छोटा मनोरा

कोणीतरी विचारलंय की नेदरलँड्समधल्या हेग शहरातला डच पंतप्रधानांचा मनोरा आता फक्त फोटोपुरता आहे का. नाही. 1982 साली तेव्हाचे पंतप्रधान रूड लुबर्स तिथे बसायला लागले आणि तेव्हापासून ते पंतप्रधानांचं खरंखुरं कार्यालय झालं. त्याआधी ती जागा गृहमंत्र्यांची होती. हेगच्या बिनेनहोफ या संसद संकुलाच्या कोपऱ्यावर, मॉरित्सहाउस संग्रहालयाला जवळजवळ खेटून, तलावाच्या काठावर उभी असलेली ही अष्टकोनी इमारत 14व्या शतकातली आहे. डच लोक तिला 'तोरेंत्ये', म्हणजे छोटा मनोरा, म्हणतात.

मला सगळ्यात आवडतो तो तिचा आटोपशीरपणा. एका देशाचा कारभार हाकणारी खोली इतकी लहान असू शकते, हे आपल्याकडच्या मंत्रालयांचे लांबच लांब कॉरिडॉर पाहिलेल्या माणसाला पटकन पटत नाही. पण तिथली राज्यपद्धती पाहिली की ते साहजिक वाटतं. तिथे सरकार कायम आघाडीचं असतं आणि पंतप्रधान इतर मंत्र्यांना हुकूम सोडू शकत नाही, त्याला समजूत घालून सगळ्यांना एकत्र ठेवावं लागतं. मंत्रिमंडळाची साप्ताहिक बैठकही मनोऱ्यात नव्हे, तर त्याच संकुलातल्या त्रेव्हेझाल दालनात शुक्रवारी भरत आलीय.

2021पासून बिनेनहोफची मोठी दुरुस्ती चालू आहे आणि संसदेला तेव्हाच दुसरीकडे हलवलंय. त्यामुळे हेगला जाणार असाल तर संकुल आतून बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.