क्योतोची सहल: चहा, माग आणि दोन दिवसांचा हिशेब

प्रेषक: सहल समिती, तोक्यो

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची यंदाची शरद ऋतूतील सहल क्योतोला नेण्याचे ठरले असून आतापर्यंत २६ जणांनी नावे दिली आहेत. त्यांपैकी ११ जण भारतातून मुलांकडे आलेले आई-वडील आणि सासू-सासरे आहेत. सहल २२ आणि २३ नोव्हेंबरला काढावी, असा विचार आहे. पहिल्या दिवशी सकाळी किमोनो नेसून कियोमिझु मंदिर, दुपारी चहाविधी (पाहुण्याला ठरावीक रीतीने हिरवा चहा करून देण्याचा जपानी सोहळा), त्यानंतर जपानी मिठाई करण्याचा वर्ग आणि संध्याकाळी गिओन या जुन्या वस्तीत गेइशा (नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रिया) पाहणे. दुसऱ्या दिवशी फुशिमी इनारी देवस्थान, सुवर्णमंदिर, सान्जुसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर आणि उरलेल्या वेळात खरेदी, असा कच्चा आराखडा केला आहे. क्योतोची माहिती असलेल्या सभासदांनी आपली मते मोकळेपणाने कळवावीत, ही विनंती.

प्रेषक: एक सभासद, ओत्सू

सहल समितीस सप्रेम नमस्कार.

मी क्योतोपासून रेल्वेने दहा मिनिटांवर राहते आणि गेली नऊ वर्षे तिथल्या एका बाईंकडे चहाविधी शिकते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आराखड्यातली एकही गोष्ट वाईट नाही, पण दोन दिवसांत एवढ्या ठिकाणी गेलो तर आपल्या मंडळींच्या वाट्याला मुख्यतः बसची रांग येईल. त्यातही २३ नोव्हेंबर हा सुट्टीचा दिवस आहे आणि मेपलची पाने लाल होण्याचा तो ऐन हंगाम असतो. सहल दोन आठवडे पुढे ढकलता आली तर पाने थोडी गळलेली असतील, परंतु ज्येष्ठांना चालायला वाट मिळेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना मी अशा एका ठिकाणी नेले, जिथे पाऊण तासात किमोनो, चहा आणि फोटो असे तिन्ही उरकले जात होते. खोलीत तीस-बत्तीस माणसे होती, आणि यजमानीण ध्वनिक्षेपकावरून सूचना देत होती. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "चहा कडू होता गं." मला फार वाईट वाटले, कारण जो चहा मी त्यांना दाखवायला नेले होते तो त्यांना दिसलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात माझ्या शिक्षिकांनी त्यांना घरी बोलावले. आम्ही चौघीच होतो. लोखंडी किटलीतल्या पाण्याला आधण येऊ लागले की बारीक सळसळ सुरू होते, तिला चहाची मंडळी 'मात्सुकाझे' म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणारा वारा म्हणतात. तो आवाज ऐकत सासूबाई वीस मिनिटे एक शब्द न बोलता बसल्या होत्या. त्या आजही फोनवर त्या आवाजाची आठवण काढतात, आणि कडूपणाबद्दल पुन्हा कधीही बोलल्या नाहीत.

पर्यटकांसाठी केलेले ते सगळे खोटे आणि घरगुती तेवढे खरे, असे मात्र मला म्हणायचे नाही. क्योतो ७९४ पासून राजधानी होते. १८६९ साली सम्राट तोक्योला गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ दरबार, सरदार, व्यापारी निघून गेल्यावर शहर ओस पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा क्योतोकरांनी १८७२ साली मोठे प्रदर्शन भरवले आणि परदेशी पाहुण्यांना शहरात येण्याची परवानगी मिळवली. त्या पाहुण्यांना गुडघे मुडपून बसता येणार नाही, हे ओळखून चहाविधीच्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साइ यांनी टेबल-स्टुलावर बसून चहा देण्याची 'र्यूरेई' ही पद्धत घडवली. गिओनमध्ये दर एप्रिलला होणारा 'मियाको ओदोरी' हा नृत्याचा कार्यक्रमही त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाला. म्हणजे पाहुण्यासाठी विधीला मुरड घालणे हीसुद्धा तिथली दीडशे वर्षांची परंपरा आहे, आणि तिच्यात कमीपणा काही नाही. फरक पडतो तो यजमानाजवळ आपल्यासाठी किती वेळ आहे आणि आपण किती तयारीने गेलो आहोत, या दोन गोष्टींनी. म्हणून माझी सूचना अशी की, दर दिवशी एकच गोष्ट निवडावी, तिला अर्धा दिवस द्यावा आणि २६ जणांचे तीन गट करावेत.

गिओनच्या संध्याकाळीबद्दल स्पष्टच लिहिते. क्योतोत गेइशांना गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलींना माइको. त्या रस्त्यावर दिसतात तेव्हा कामावर निघालेल्या असतात. लोकांनी त्यांच्या मागे धावून, बाह्या ओढून फोटो काढल्यामुळे तिथल्या खासगी गल्ल्यांत छायाचित्रणास बंदी झाली, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या आणि २०२४ पासून त्या गल्ल्या पर्यटकांना बंदच करण्यात आल्या. आपल्या मंडळाने 'गेइशा पाहणे' हा शब्दप्रयोगही कार्यक्रमपत्रिकेत ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. नृत्य पाहायचे असेल तर तिकीट काढून रंगमंचावर पाहावे.

प्रेषक: एक सभासद, योकोहामा

सप्रेम नमस्कार.

ओत्सूच्या ताईंशी मी सहमत आहे. माझा आग्रह एकाच जागेसाठी आहे, ती म्हणजे क्योतोतली विणकरांची वस्ती निशिजिन. माझे बालपण येवल्यात गेले आणि आमच्या गल्लीत दिवसभर मागाचा खटखटाट असे, त्यामुळे हा आग्रह पक्षपाती वाटला तर तो आहेच.

'निशिजिन' म्हणजे पश्चिमेची छावणी. १४६७ ते १४७७ या काळात क्योतोची राख करणारे जे ओनिन युद्ध झाले, त्यात पश्चिमेकडच्या सैन्याचा तळ जिथे होता, तिथे युद्धानंतर परतलेले विणकर वस्ती करून राहिले आणि छावणीचे नाव कापडाला मिळाले. राजधानी गेल्यावर हा धंदाही बुडायला आला होता. तेव्हा, ताईंनी लिहिलेल्या त्याच १८७२ साली, तिथले तीन विणकर जॅकार्ड माग (छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग) शिकायला फ्रान्समधल्या ल्यॉन शहरी गेले.

आपल्या माणसांनी तिथे पाहावे ते 'त्सुझुरे' विणकाम. त्यात जॅकार्ड नसते. नक्षीतला प्रत्येक रंग आडव्या धाग्यानेच भरायचा, ज्या भागात तो रंग आहे तेवढ्यापुरताच धागा न्यायचा आणि तिथूनच परत फिरवायचा, ही त्याची रीत. पैठणीचा पदर विणताना आपले विणकर एकेका रंगाच्या टिल्ल्या (धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या) घेऊन हेच करतात. फरक सांधण्यात आहे. पैठणीत दोन रंगांचे धागे सीमेवर एकमेकांत अडकवतात, तर त्सुझुरेत ते अडकवत नाहीत, त्यामुळे कापड उजेडात धरले की रंगांच्या सीमेवर बारीक फटी दिसतात. भरलेला धागा दाबून बसवायला विणकर हाताचे नख वापरतो. नखांच्या कडांना कानशीने करवतीसारखे दाते पाडलेले असतात आणि त्या दात्यांनी तो धागा ओढून खाली बसवतो. मी पाहिलेले विणकर सत्तरीचे होते. त्यांनी माझ्यासमोर हात धरला तेव्हा मधल्या आणि अनामिकेच्या नखावरचे दाते मोजता येतील इतके ठळक दिसत होते. नख तुटले की त्या दिवसाचे काम थांबते, असे त्यांनी सांगितले.

आणखी एक सांगतो. दरवर्षी जुलैमध्ये होणाऱ्या गिओन उत्सवाची सुरुवात इसवी सन ८६९ मध्ये रोगराई शमावी म्हणून झाली. त्यात जे उंच रथ ओढतात, त्यांच्या अंगावर देशोदेशींची वस्त्रे लावलेली असतात, आणि त्यांत १७व्या शतकातले हिंदुस्थानी गालिचेही आहेत. अभ्यासक त्यांतले काही आपल्या दख्खनचे मानतात. 'गिओन' हे नावही बुद्ध जिथे राहत त्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आलेले आहे.

प्रेषक: एक सभासद, काशिवा

सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रे आईला वाचून दाखवली. तिचे वय ७३ असून तिला मांडी घालूनही बसवत नाही. ती आणि बाबा मासे-अंडी खात नाहीत, आणि बाबा चातुर्मासानंतरही कांदा-लसूण घेत नाहीत. "आमच्यामुळे बाकीच्यांची पंचाईत नको," म्हणून नाव मागे घ्यावे, असे तिच्या मनात आहे. त्यांच्यासाठी काही सोय होऊ शकेल का?

प्रेषक: एक सभासद, ओत्सू

सप्रेम नमस्कार.

आपल्या आईंनी नाव अजिबात मागे घेऊ नये. त्यांच्यासाठीच तर १८७२ पासून र्यूरेईची सोय आहे! माझ्या शिक्षिकांकडे टेबल-स्टूल आहेत आणि ज्येष्ठांचा गट आपण तिथेच नेऊ.

जेवणाचे म्हणाल तर बाबांची पद्धत झेन मठांच्या ओळखीची आहे. 'शोजिन र्योरी' या मठातल्या स्वयंपाकात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तिथल्या रश्शा-सूपचे मूळ पाणी बोनितो माशाच्या किसाऐवजी कोम्बू या समुद्री वनस्पतीचे आणि सुक्या अळंब्यांचे असते. अराशियामातल्या तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात असे जेवण मिळते. साध्या उपाहारगृहात मात्र फसगत होते, विशेषतः गरम टोफूच्या बाबतीत. टोफू ज्या पाण्यात उकळतो ते कोम्बूचे असले तरी बुडवून खायच्या सॉसमध्ये बोनितो असू शकतो, म्हणून दोन्हींबद्दल वेगवेगळे विचारावे लागते. चहाबरोबरच्या नेरिकिरी मिठाईची चिंता नको. ती पांढऱ्या घेवड्याच्या गोड पुरणाची आणि तांदळाच्या पिठाची असते, आणि ते पुरण चाळणीतून गाळताना पाहिले की आईंना पुरणयंत्राचीच आठवण येईल.

तयारीबद्दल सर्वांसाठी लिहिते. चहाच्या खोलीत जाताना अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. वाडगी कधीकधी शंभर-दोनशे वर्षांची असतात आणि धातूच्या एका ओरखड्याने त्यांचे नुकसान होते. ज्यांना बांगड्या काढायच्या नसतील त्यांनी त्यांवर मनगटापर्यंत बाहीचे काही घालावे. लांब मंगळसूत्र पदराच्या आत घ्यावे, कारण वाडगे पाहायला वाकलो की ते त्यावर आपटते. अत्तर लावू नये, खोलीत धूप असतो. स्वच्छ पांढरे मोजे सोबत आणून दारातच चढवावेत. साडी उत्तम, किमोनोच हवा असे नाही. ज्यांना नेसायचा असेल त्यांनी डावी बाजू उजवीवर येते ना, एवढे पाहावे, कारण उलट फक्त मृताला नेसवतात.

मिठाई आधी आणि पूर्ण खायची, चहा आल्यावर नाही. वाडगे समोर आले की शेजारच्याला "ओसाकीनी" म्हणजे "आपल्या आधी घेते" असे म्हणायचे, मग यजमानांना नमस्कार करायचा. वाडग्याची सर्वांत देखणी बाजू यजमान आपल्याकडे करून ठेवतात. त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून ते डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताने दोनदा थोडे फिरवायचे. शेवटचा घोट आवाज करून घ्यायचा, म्हणजे संपल्याचे यजमानांना कळते. बशीतून भुरका मारणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना हे फार आवडेल. सहल डिसेंबरमध्ये गेली तर आणखी एक गोष्ट साधेल: नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तातामीत (जमिनीवरच्या गवती चटयांत) खोदलेल्या चौकोनी चुलीवर किटली ठेवतात, ती उन्हाळ्यात दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सान्जुसान्गेन्दो ठेवावे आणि सुवर्णमंदिर गाळावे, असे माझे मत आहे. सान्जुसान्गेन्दोत कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती आहेत, पण आपल्या आई-वडिलांना त्यांच्या रक्षक देवतांसमोर उभे करावे. बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, आणि पंख पसरून बासरी वाजवणारा कारुरा म्हणजे आपला गरुड. आत फोटो काढता येत नाहीत, ते एका अर्थी बरेच आहे. ज्यांना जमेल त्यांनी एखाद्या मंदिरात सूत्रलेखनाला बसावे. फिकट छापलेल्या हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्रावर कुंचल्याने अक्षरे गिरवायची असतात, तासभर लागतो. शेवटची ओळ जपानी उच्चारात "ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ" अशी येते. आपल्याकडच्या "गते गते पारगते"चे हे रूप भिक्षूंच्या तोंडून ऐकताना माझ्या सासऱ्यांचे डोळे भरून आले होते.

प्रेषक: सहल समिती, तोक्यो

सप्रेम नमस्कार.

सर्वांच्या पत्रांबद्दल आभार. सहल आता ५ आणि ६ डिसेंबरला निघेल. पहिल्या दिवशी तीन गटांत चहाविधी, ज्येष्ठांचा गट स्टुलांवर, आणि मधल्या वेळात मिठाईचा वर्ग ज्यांना हवा त्यांच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सान्जुसान्गेन्दो, तेन्र्यूजीत शोजिन जेवण आणि दुपारी निशिजिन. कियोमिझु, सुवर्णमंदिर, फुशिमी इनारी आणि गिओनची संध्याकाळ वगळली आहे. ज्यांना तिथे जायचेच आहे त्यांनी एक दिवस आधी यावे. काशिवाच्या आई-बाबांची नावे यादीत कायम आहेत.

योकोहामाच्या काकांसाठी एक निरोप आहे. त्यांच्या आईंची येवल्याची पैठणी विणकर आजोबांना दाखवता येईल का, असे आम्ही विचारले होते, आणि त्यांनी आनंदाने होकार कळवला आहे. रंग कसे अडकवले आहेत ते त्यांना पदराच्या उलट्या बाजूने पाहायचे आहे. तेव्हा पदरामागे जाळी लावलेली असेल, तर काकांनी ती एका कोपऱ्यापुरती उसवून आणावी.