मदत हवी आहे: मिसिसागाहून इतर प्रांतांत फराळ पाठवताना विक्रीकर कोणत्या दराने लावावा?

नमस्कार.

मी कॅनडात, ऑन्टारिओतील मिसिसागा येथे राहते आणि गेली चार वर्षे दिवाळीचा फराळ करून विकते. ओळखीच्या घरांपुरते सुरू झालेले हे काम वाढत गेले. वर्षाची विक्री ३०,००० डॉलरच्या जवळ आली, तेव्हा मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता मी या जानेवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, जीएसटी-एचएसटीसाठी नोंदणी करून घेतली. जीएसटी हा केंद्राचा कर, आणि त्यात प्रांताचा कर मिसळला की तो एचएसटी. ऑन्टारिओत एचएसटी १३ टक्के आहे, त्यातले ५ केंद्राचे आणि ८ प्रांताचे. ओळखीच्या एका हिशेबनिसांनी "विकणारा जिथला, कर तिथला" असे सांगितल्यामुळे मी सगळ्याच बिलांवर १३ टक्के लावत आले.

गणपतीच्या सुमारास कॅल्गरीच्या एका ताईंनी चकली आणि चिवडा मागवला. बिल पाहून त्यांनी शांतपणे विचारले, "आमच्या अल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही, मग हे वरचे ८ टक्के कोणाच्या खिशात जाणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता दिवाळीसाठी हॅलिफॅक्स, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हरच्याही मागण्या आल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा दिसतो. सांगलीला भावाचे दुकान आहे. तो म्हणतो की जीएसटी आल्यापासून माल बेळगावला गेला काय किंवा पणजीला गेला काय, एका वस्तूचा दर सगळीकडे एकच असतो. त्यामुळे मी अधिकच गोंधळले आहे.

दर माझ्या गावाचा धरायचा की घेणाऱ्याच्या? आणि चकलीच्या भाजणीवर, म्हणजे नुसत्या पिठावरही, कर लावायचा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आपल्या हिशेबनिसांचे सांगणे या बाबतीत चुकले आहे. वस्तू पाठवून विकली जाते तेव्हा ती ज्या प्रांतात पोहोचते त्या प्रांताचा दर लागतो. त्यामुळे कॅल्गरीच्या बिलावर फक्त केंद्राचा ५ टक्के जीएसटी असायला हवा होता. हॅलिफॅक्सला १४ टक्के लावा; त्या नोव्हा स्कोशिया प्रांताने १ एप्रिल २०२५ पासून आपला दर १५ वरून १४ वर आणला आहे, आणि जुनी कोष्टके अजून सगळीकडे फिरत असल्याने हे मुद्दाम सांगतो. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये मात्र १५ टक्केच आहेत. आपल्या भावाचे म्हणणेही खोटे नाही. भारतातही कर माल जिथे खपतो त्या राज्याकडे जातो, फक्त एकूण दर सारखा असल्याने गिऱ्हाइकाला ते जाणवत नाही. इथे काही प्रांतांनी आपला कर केंद्राच्या करात मिसळला, काहींनी वेगळा ठेवला आणि अल्बर्टाने लावलाच नाही, म्हणून फरक थेट बिलावर दिसतो.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात येते त्या क्वेबेकचा कर ९.९७५ टक्के आहे आणि तो जीएसटीपासून वेगळा आहे. बाहेरच्या प्रांतातील विक्रेत्याला तिथल्या ग्राहकांना केलेली विक्री वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर गेल्याखेरीज त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. तेव्हा मॉन्ट्रियलच्या डब्यावर सध्या ५ टक्केच लावा.

आता पदार्थांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. मूलभूत किराणा शून्य दरात येतो, म्हणून भाजणी, मेतकूट, पोहे यांवर कुठल्याही प्रांतात जीएसटी-एचएसटी नाही. पण कायद्याने खारे चटकमटक पदार्थ, खारवलेले दाणे आणि मिठाई किराण्यातून वगळली आहे. भाजणीवर कर नाही आणि तिचीच चकली तळली की कर आहे! शेव आणि चिवडाही त्याच रांगेत. केक, पेस्ट्री, कुकी आणि तत्सम गोड पदार्थांना निराळा नियम आहे: एकेका माणसापुरते नग सहापेक्षा कमी बांधले तर कर लागतो, सहा किंवा अधिक एका पुड्यात असतील तर लागत नाही. माझ्या मते करंजी या नियमात बसावी, कारण ती सारण भरलेली पेस्ट्रीच म्हणायची. बेसनाचा लाडू मात्र मिठाईकडे झुकतो. असे वादाचे पदार्थ लिहून कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे, म्हणजे केंद्राच्या करखात्याकडे, लेखी निर्णय मागा. तो विनामूल्य मिळतो आणि पुढे हिशेब तपासला गेला तर हाताशी राहतो.

कॅल्गरीच्या ताईंचे जादा घेतलेले ८ टक्के परत करा आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिल तेवढ्याने कमी केल्याची लेखी नोंद, काढा. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. परत केले नाहीत तर चुकून घेतलेला तो कर सरकारातच भरावा लागतो, स्वतःकडे ठेवता येत नाही.

प्रतिसाद २

व्हँकुव्हरबद्दल थोडी भर घालतो. ब्रिटिश कोलंबियाने २०१० मध्ये एचएसटी स्वीकारला होता, परंतु २०११ च्या सार्वमतात लोकांनी तो नाकारला आणि १ एप्रिल २०१३ पासून प्रांताचा ७ टक्के कर पुन्हा वेगळा झाला. त्या करातून खाण्याचे पदार्थ वगळलेले असल्याने चकलीवर इथे ५ टक्केच पुरतात. टपालखर्च बिलात वेगळा दाखवत असाल, तर आतल्या मालाला जो दर तोच त्यालाही लावा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॅल्गरीच्या ताईंना आजच पैसे परत पाठवते. एक शंका राहिली आहे: डबे, पिशव्या आणि खोकी मी इथेच १३ टक्के देऊन घेते. माल अल्बर्टात गेला आणि मी ५ टक्केच घेतले, तर डब्यांवर भरलेल्या करापैकी मला ५ टक्क्यांचीच वजावट मिळेल का?

प्रतिसाद १

नाही, पूर्ण १३ टक्क्यांची मिळेल. खरेदीवर जेवढा कर दिला तेवढा आपण सरकारात भरायच्या करातून वजा होतो, मग विक्रीचा दर ५ असो वा भाजणीसारखा शून्य. फक्त खरेदीच्या पावत्या जपून ठेवा आणि मोठ्या पावत्यांवर विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, ते पाहून घ्या.