मदत हवी आहे: ब्राउझरमधील ऑब्जेक्ट जावाच्या नेमक्या उपक्लासमध्ये कसे उतरवावे?

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गूळ अडत्यांसाठी आम्ही सौद्यांच्या नोंदीचे वेब ॲप्लिकेशन तयार करत आहोत. सर्व्हरवर स्प्रिंग बूट (जावाचे वेब फ्रेमवर्क) असून ‘माल’ या ॲबस्ट्रॅक्ट (ज्याचे थेट ऑब्जेक्ट बनत नाही अशा) क्लासचे ‘रवा’ (गुळाची ढेप) आणि ‘बॉक्स’ असे दोन उपक्लास आहेत. ब्राउझरकडून येणाऱ्या जेसनमध्ये (JSON या मजकूररूपी डेटामध्ये) केवळ गुणधर्म असतात, क्लासची ओळख नसते. त्यामुळे एकाच पावतीत दोन्ही प्रकारचा माल आला की कोणते ऑब्जेक्ट तयार करायचे हे जेसनचे जावा ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणाऱ्या जॅक्सन लायब्ररीला ठरवता येत नाही आणि ती एक्सेप्शन (त्रुटी) देते.

क्लासचे पूर्ण नाव ब्राउझरकडून घेणे मला मुळीच मान्य नाही, कारण बाहेरून आलेल्या नावावरून कोणताही क्लास उभा करू देणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत धोकादायक आहे. म्हणून जेसनटाइपइन्फो व जेसनसबटाइप्स या जॅक्सनच्या ॲनोटेशनच्या (क्लासवर लावायच्या सूचनांच्या) साहाय्याने ‘प्रकार’ या फील्डला ठरावीक नावेच जोडण्याचा विचार आहे. ही ॲनोटेशन मूळ क्लासवरच लावावीत, की वेगळे डीटीओ (फक्त डेटाची ने-आण करणारे) क्लास ठेवून नंतर रूपांतर करावे? शेतकऱ्याच्या पट्टीचा (मालविक्रीच्या हिशोबपत्रकाचा) हिशोब मूळ क्लासमध्ये असल्याने तो जेसनच्या रचनेशी बांधला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

शिवाय नोंद क्रमांक लाँग (जावातील ६४ बिटांचा पूर्णांक) प्रकारचा आहे आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्टची संख्या अचूकतेची खात्री देत नाही. तो क्रमांक स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवण्यात काही अडचण येते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.