‘आपला वाडा’ ग्रुप: आयोवाची बॅटिंग आणि बापाचा मुलगा

३१ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

समीर, सकाळी ६:४८
काढला! शेवटी ब्रायनला काढला!

माई, ६:५१
कोणाला काढलं रे? तुझ्या ऑफिसातला का? सणाच्या तोंडावर नोकरी गेली बिचाऱ्याची.

समीर, ६:५२
ऑफिसातला नाही गं. आमच्या आयोवा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा ऑफेन्सचा कोच. ब्रायन फेरेन्झ. सीझन संपेपर्यंत राहणार, मग सुट्टी. अॅथलेटिक्सचा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या सगळ्या खेळांचा, कारभार सध्या बेथ गोएट्झ बघतात, त्यांनीच जाहीर केलं.

नंदूकाका, ६:५५
सुप्रभात मंडळी.
(गुलाबाचा फोटो)

नंदूकाका, ६:५७
समीर, अरे पण तुमची टीम जिंकतेय ना? परवा तूच म्हणालास आठपैकी सहा. जिंकणाऱ्या टीमचा कोच काढतात होय?

समीर, ७:०३
तेच तर दुखणं आहे काका. हरत असतो तर दोन वर्षांपूर्वीच गेला असता. परवाची लखनौची मॅच आठवा. आपण २२९, त्यातले रोहितचे ८७. मग शमी-बुमराहने इंग्लंडला १२९ मध्ये गुंडाळलं. छान वाटलं ना? आता समजा दर मॅचला हेच. दर मॅचला बॅटिंग झोपते आणि बोलर्स वाचवतात. आणि बॅटिंग कोच म्हणतो, जिंकलो ना, मग बोंब कसली? तसं आहे आमचं.

वृंदाताई, ७:०५
ऑफेन्स म्हणजे नक्की काय करतात ते? माझ्यासाठी सोप्पं करून सांगा. ओंकार उठलाय, तो सांगेल.

ओंकार, ७:०९
आई, बॉल आपल्याकडे असताना जी पोरं मैदानात असतात ती ऑफेन्स. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. असं सरकत सरकत शेवटच्या पट्टीत पोचलात की टचडाउन, सहा पॉइंट. नाही जमलं तर चौथ्या प्रयत्नाला बॉल लांब लाथाडून समोरच्याच्या गळ्यात टाकायचा. त्याला पंट म्हणतात.

समीर, ७:१०
आणि आम्ही जगात सगळ्यात भारी लाथाडतो. 🙏 नाइलाजाने. आमचा पंटर टोरी टेलर, मेलबर्नचा पोरगा, तिकडच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर वाढलेला. टीममधला सगळ्यात लाडका खेळाडू पंटर असावा, यातच काय ते समजा. नंदूकाकांना टी-शर्ट पाठवला होता तो त्याच्याच घोषणेचा.

नंदूकाका, ७:१२
‘पंटिंग इज विनिंग’ तो? तो घालून मी रोज सकाळी फिरायला जातो. डोंबिवलीत लोक विचारतात, पंटिंग म्हणजे घोड्यांवर का? मी मान हलवतो.

माई, ७:१४
वृंदा, मी बघितली आहे ती मॅच. गेल्या वर्षी सप्टेंबरात मी तिथे होते ना. साऊथ डकोटावाले आले होते. माणसं किती गं, सगळी काळ्या-पिवळ्या कपड्यांत, जेजुरीला आल्यासारखं वाटलं. पण चार तास बसले, आपल्यांनी त्या पट्टीत पाऊल काही ठेवलं नाही. मी दर दहा मिनिटांनी विचारायची, आता जाणार का? समीर नुसता टोपी चावायचा.

समीर, ७:१८
७-३ जिंकलो होतो माई. साऊथ डकोटा स्टेट, म्हणजे आमच्यापेक्षा एक पायरी खालची टीम. आमचे सात कसे आले ते ऐका. एक फील्ड गोल, तीन पॉइंट. आणि दोन सेफ्टी, दोन-दोन पॉइंट. सेफ्टी म्हणजे आमच्या डिफेन्सने त्यांना त्यांच्याच पट्टीत आडवं केलं. ऑफेन्सची कमाई तीन, बोलर्सची चार. घरी परतताना गाडीत कोणी बोललं नाही.

माई, ७:२०
मला आवडलं ते एकच. पहिला भाग संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतं. वरच्या खिडक्यांत आजारी लेकरं उभी असतात. समोरच्या टीमचे लोकसुद्धा हात हलवतात. तेवढ्यासाठी परत येईन. खेळासाठी नाही.

वृंदाताई, ७:२६
बरं, पण मला एक कळेना. इतकी वर्षं हे चाललंय तर मुख्य कोच काय करतो? त्याने हलवायला नको का?

समीर, ७:२७
ताई, मुख्य कोच कर्क फेरेन्झ. १९९९ पासून तोच आहे.

वृंदाताई, ७:२७
फेरेन्झ?

समीर, ७:२८
बाप.

वृंदाताई, ७:२८
अग्गोबाई.

नंदूकाका, ७:३०
म्हणजे आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखं. 😄

समीर, ७:३६
कागदोपत्री बाप मुलाचा साहेब नव्हता हं. नात्यातल्याला हाताखाली ठेवता येत नाही असा नियम आहे, म्हणून ब्रायनचा वरिष्ठ म्हणून अॅथलेटिक डायरेक्टरचं नाव. प्रत्यक्षात रोज मैदानावर कोण कोणाच्या शेजारी उभा असतो ते सगळ्या राज्याला दिसतं. गेल्या वर्षी ऑफेन्स देशातल्या १३१ टीममध्ये १३० वी आली. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा फेब्रुवारीत एक नवा करारनामा निघाला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख. आणि अट: मॅचमागे सरासरी २५ पॉइंट आणि किमान सात विजय. तर करार पुढे.

वृंदाताई, ७:४१
थांब, कॅल्क्युलेटर घेते. बोलमधली, म्हणजे सीझनच्या शेवटची जादा मॅच, धरून १३ मॅच, गुणिले २५, म्हणजे ३२५. आत्तापर्यंतचे स्कोअर टाक.

समीर, ७:४३
२४, २०, ४१, ० (पेन स्टेट, ०-३१, विचारू नको), २६, २०, १५, १०.

वृंदाताई, ७:४६
१५६. सरासरी साडेएकोणीस. उरलेल्या पाचांत १६९ हवेत, म्हणजे मॅचला जवळजवळ ३४. माझ्याकडे असा क्लायंट आला तर मी फाइल परत देईन.

ओंकार, ७:४७
आई, त्यात डिफेन्सने आणि किकवर काढलेले पॉइंटपण धरतात!

वृंदाताई, ७:४८
म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचे मार्कही आपल्याच प्रगतिपुस्तकात? तरी नापास?

ओंकार, ७:५५
समीरमामा, पण सगळा दोष कोचचा नाही ना? पास फेकायला मॅकनमारा मिशिगनहून आणला आणि पाचव्या मॅचला गुडघा गेला. लाची आणि ऑल, पास झेलणारे दोन्ही टाइट एंड, जखमी. मॅकनमाराच्या जागी आलेला हिल अगदी कच्चा. कोचने काय करायचं?

समीर, ८:०४
बरोबर आहे तुझं. ते मी मान्य करतो, आणि इथल्या माझ्या मित्रांशी त्यावरून भांडतोही. पण ओम्या, गेल्या वर्षी खेळाडू धडधाकट होते का आडवे, त्याने फरक पडला नाही. तेच दोन-तीन डाव. पहिला रन, मधोमध, दोन यार्ड. दुसरा रन, एक यार्ड. तिसऱ्याला पास, आणि तोही पाच यार्डांचा, जेव्हा हवेत सात. मग टोरी येतो. माझी रेवा सोफ्यावरून आधी सांगते काय होणार ते. तेरा वर्षांच्या पोरीला कळतं तर समोरच्या कोचला कळणार नाही?

गेल्या शनिवारच्या आधीची मिनेसोटाची मॅच घे. दुसऱ्या हाफमध्ये आमचे एकूण यार्ड बारा. बारा! माझ्या बैठकीच्या खोलीपेक्षा थोडे जास्त. तरी दोनच पॉइंटांनी मागे होतो. शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या कूपर डीजीनने त्यांची पंट उचलली आणि थेट पट्टीपर्यंत पळाला. मी ओरडलो, बशी फुटली. मग पंचांनी व्हिडिओ बघून सांगितलं, बॉल उचलण्याआधी डावा हात हलवला, तो ‘मी पळणार नाही’ असा इशारा धरला जातो, पळता येत नाही. १०-१२ हरलो. सगळं राज्य त्या हातावर चिडलंय. मी नाही. बारा यार्डांवर मॅच जिंकायला निघालो होतो, याची लाज कोणालाच नाही.

नंदूकाका, ८:०६
बशी कोणती? मी दिलेल्या सेटमधली?

समीर, ८:०६
नाही काका.

माई, ८:०७
हो. तीच.

अप्पाकाका, ८:३१
मी सकाळपासून वाचतोय. दुकान उघडायचं होतं म्हणून बोललो नाही. सगळे त्या बापाला बोल लावताय. मी एक सांगतो. बापाला दिसत नसतं असं नाही रे. सगळ्यात आधी बापालाच दिसतं. गिऱ्हाईकाला दिसायच्या आधी. पण मुलगा चाळिशीला आलेला, चारचौघांत त्याला काय म्हणायचं? उद्या एका ताटात जेवायचं असतं. म्हणून बाप गप्प बसतो आणि लोकांना वाटतं आंधळा आहे.

मनोज, ८:३३
अप्पा, हे फुटबॉलबद्दल चाललंय ना?

अप्पाकाका, ८:३४
फुटबॉलबद्दलच.

मनोज, ८:३५
कारण मी समोर गल्ल्यावर बसलोय आणि तुम्ही आतल्या खोलीतून मेसेज टाकताय.

वृंदाताई, ८:३६
😶

माई, ८:४०
अप्पा भाऊजी, चहा घ्या.

अप्पाकाका, ८:४४
मनोज, इंडक्शनच्या शेगड्यांचे ते साठ खोके अजून माळ्यावर आहेत, एवढंच म्हणतो. बाकी तुझं चांगलं चाललंय. स्टीलची उलाढाल वाढवलीस हे मी वसंतरावांना सांगतो, तुला सांगत नाही, इतकंच.

मनोज, ८:५२
साठ नाही, एकेचाळीस. बाकीचे मी विकले. दिवाळीत अजून जातील.

समीर, ८:५५
मनोज, एक खोका माझ्यातर्फे नंदूकाकांना.

नंदूकाका, ८:५६
मला नको. मला बशी हवी.

समीर, ९:०२
अप्पाकाका, तुमचं पटलं. पण म्हणूनच तिसऱ्याने करावं लागतं ना. आज त्या बाईंनी केलं ते बाप करू शकला नसता, आणि मागच्या डायरेक्टरने केलं नाही. मला राग ब्रायनचा नाही खरं तर. डिफेन्सच्या पोरांचं वाईट वाटतं. डिफेन्स कोच फिल पार्करची ती पोरं दोन-दोन वर्षं समोरच्याला जेमतेम चौदा-पंधरावर रोखतात, थंडीत दात खाऊन. आणि बाजूला येऊन बसतात न बसतात, तोच पुन्हा उठायचं. कारण आपल्यांनी तीन प्रयत्न केले, पंट मारली, संपलं.

अप्पाकाका, ९:०९
तेवढं खरं.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

समीर, पहाटे ३:१२
झोपले असाल. ३५-०. टेनेसी. सिट्रस बोल. आमचे शून्य.

ओंकार, ३:१३
मी जागा आहे मामा. बघितली. मिशिगनच्या वेळचे पण शून्य, २६-०.

समीर, ३:१५
आई ओरडेल तुला.

वृंदाताई, सकाळी ६:२०
ओरडली. आणि हिशोब पण केला. १४ मॅचमध्ये २१६. सरासरी १५.४. म्हणजे ऑक्टोबरपेक्षाही खाली घसरलात की!

समीर, ६:२४
हो ना. आणि ताई, गंमत ऐक. १४ पैकी १० जिंकलो. विभागात पहिले, म्हणून तर मिशिगनशी ती चौदावी, फायनलची मॅच. नॉर्थवेस्टर्नला शिकागोत १०-७, इलिनॉयला १५-१३, नेब्रास्काला १३-१०. यार्डांत १३३ टीममध्ये १३३ वे. टोरीने एका सीझनमधल्या पंटच्या एकूण यार्डांचा नवा विक्रम केला, देशातला सर्वोत्तम पंटर ठरला. फिल पार्करला देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचचं बक्षीस. म्हणजे घरातल्या सगळ्यांना बक्षीस, एकट्या स्वयंपाकघराला सोडून.

नंदूकाका, ६:३०
सुप्रभात. टी-शर्ट धुवायला टाकलाय आज.

अप्पाकाका, ७:०५
समीर, तो मुलगा आता काय करणार?

समीर, ७:०८
अजून काही कळलं नाही काका. मिळेल कुठेतरी. आधी न्यू इंग्लंडला मोठ्या लीगमध्ये होता.

अप्पाकाका, ७:१०
आणि बाप?

समीर, ७:११
राहतोय. नवा ऑफेन्सचा कोच शोधायचं काम आता त्याच्याकडे.

अप्पाकाका, ७:१६
बाहेरचा आणेल. बघ तू.

मनोज, ७:३०
अप्पा, शटरची किल्ली तुमच्याकडे आहे का? मी बाहेर उभा आहे.