मदत हवी आहे : पेन्शन नसलेल्या बेघर माजी सैनिकाला घरकुल मिळेल का? (वर्धा जिल्हा)

गावातले एक काका, वय 67, फौजेत आठ वर्षं शिपाई होते. 15 वर्षं न भरल्यामुळे पेन्शन नाही. मातीचं घर पावसाळ्यात बसलं, तेव्हापासून समाजमंदिराच्या ओट्यावर झोपतात. डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. रेशनकार्डावर नाव पुतण्यासोबत, घरकुलाच्या यादीत मात्र कुठंच नाही. ग्रामपंचायतीत सांगतात, "फौजी म्हणजे सरकारी नोकर, बसत नाही." जागा म्हणून ई-क्लासचा (सरकारी गायरानाचा) तुकडा दाखवतात. पुढे काय करावं?

उत्तर 1 :
भाऊ, ग्रामपंचायतीचं म्हणणं चूक आहे. अपात्रता घरात सध्या सरकारी नोकर असेल किंवा कोणाची कमाई महिना 15,000 च्या वर असेल तर येते. बरीच पेन्शन घेणारा फौजी त्यात अडकतो, काका नाहीत. उलट निवारा नसलेलं कुटुंब प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये आपोआप समाविष्ट होणाऱ्या गटात मोडतं. हे अर्जात ठळक लिहा.

खरी अडचण रेशनकार्डाची आहे. पुतण्याकडे ट्रॅक्टर किंवा 50,000 वा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल तर एकत्र कुटुंब धरून काकांचं नावही उडतं. म्हणून तहसीलमधून आधी कार्ड विभक्त करा. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ठराव ग्रामसभेतच घ्या. मासिक सभेचा ठराव पंचायत समितीत परत येतो. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांच्या आवक-जावकला स्वतः नेऊन द्या.

उत्तर 2 :
ई-क्लासच्या नादी लागू नका. गायरान खाजगी वापराला देण्यावर 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयानं बंदी आहे. सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" निघालं तर आणखी कठीण, कारण सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये ती जमीन वनच ठरवली. जुन्या घराची जागा गावठाणात असेल तर नमुना 8 (ग्रामपंचायतीचा घर-जागेच्या कर आकारणीचा उतारा) काढा. वडिलांच्या नावावर असल्यास वारस नोंद आणि भावकीचं संमतीपत्र लागेल. तेही नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत जागेसाठी मदत मिळते, पण आधी घरकुलाच्या यादीत नाव हवं.

मंजुरीनंतर 1,20,000 टप्प्याटप्प्यानं मिळतात, पहिला हप्ता 15,000. शौचालयाचे 12,000 वेगळे. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्या, मातीवर थांबला तर उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगवटा. पैसे तिथंच बुडतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो त्याच जागेवरून घेतला जातो, जागा बदलली की पुढचा हप्ता अडकतो.

उत्तर 1 :
आणखी एक, घरकुलाची वाट पाहत बसू नका. 65 पूर्ण, पेन्शन नाही, हुद्दा हवालदारापर्यंत, म्हणजे काका केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्धन अनुदानात बसतात. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना महिना 8,000 आहे, आधी 4,000 होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरून देतात. तिथं जाण्याआधी डिस्चार्ज बुक, आधार आणि बँक पासबुकातलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. वडिलांच्या नावातला एक काना चुकला तरी अर्ज मागे येतो. आणि हे 8,000 मिळाले तरी घरकुलाची 15,000 ची मर्यादा ओलांडली जात नाही.