फर्नेसचे आवाज: तुमच्याकडे काय काय वाजतं?

निशाचर
आज या सीझनला पहिल्यांदा हीटिंग (म्हणजे तापलेली हवा घरभर सोडणारा गॅसचा फर्नेस) लावलं. आधी तो साठलेली धूळ जळाल्याचा वास, मग बेसमेंटात टक्, मग घूंऽऽ... आणि एकदम जुनं भाड्याचं घर आठवलं. तिथला फर्नेस पेटताना चक्क धडाम् करायचा, खिडक्या थरथरायच्या. घरमालक म्हणे जुना आहे, थोडं बोलतो. बायकोला काही ते पटेना, तिने हट्टाने माणूस बोलवायला लावला. तर बर्नर मळलेले निघाले. गॅस सुटायचा पण लगेच पेट घ्यायचा नाही, तेवढ्यात साठायचा आणि मग एकदम भडका. असं होत राहिलं तर आतल्या हीट एक्स्चेंजरला (धूर वेगळा ठेवून घरातली हवा तापवणारा भाग) तडा जाऊ शकतो म्हणाला. घरमालक त्यानंतर गप्प, फर्नेसपण :) तुमचे किस्से येऊ द्या.

चिऊची आई
धडाम् नाही पण टण्ण! तेही रात्री सगळे झोपल्यावर. लेक घाबरून आमच्या खोलीत. गरम हवा नेणाऱ्या डक्टचा पत्रा तापला की फुगतो आणि गार झाला की आकसतो, त्याने काही होत नाही, हे तिला समजावून समजावून मलाच पाठ झालं. पण हवेचा फिल्टर बदलल्यावर आवाज बराच कमी झाला बरं का. चोंदलेल्या फिल्टरमुळे ब्लोअर (आतला मोठा पंखा) हवा ओढत राहतो आणि पत्रा आत खेचला जातो म्हणे. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय.

बंडूनाना
आमच्याकडे सगळ्यात मोठा आवाज थर्मोस्टॅटवरून होतो. मी २०, ही २२.

निशाचर
नाना =)) त्याला टेक्निशियन नाही.

खटपट्या
किंचाळणारा फर्नेस ऐकलाय का कुणी? माझ्या मोठ्या भावाकडचा इतका किंचाळायचा की फोनवर मला इकडे ऐकू यायचं, दादा म्हणे बेल्ट गेला असेल, मी म्हटलं अरे तुझ्या मॉडेलला बेल्टच नाही, पंखा थेट मोटरवर बसवलेला आहे, बेल्ट जुन्या मशीनमध्ये असायचे, तेव्हा हे बेअरिंगचं दुखणं असणार आणि निघालंही तेच. त्याने मोटर बदलून घेतली. पण कुईंकुईं परवडलं, लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज आला तर त्याच क्षणी स्विच बंद करा. ब्लोअरचं चाक सैल होऊन केसिंगला घासत असतं, चालू ठेवलं तर सगळंच खातं. नुसती खडखड असेल तर आधी बाहेरच्या पॅनलचे स्क्रू बघा, निम्म्या वेळा तेच असतं.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे गुडगुड. गॅसच्या फर्नेसमध्ये पाणी कुठून आलं, डोकंच चालेना. मग कळलं की हाय एफिशियन्सीवाले धुरातली उष्णतासुद्धा काढून घेतात, धूर गार होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं, ते नळीने बाहेर जायला हवं. नळी चोंदली होती. ती साफ केल्यावर शांत.

बंडूनाना
स्वागत वाचनमात्र. नाव बदला आता.
आमचा पेटायचा आणि काही सेकंदात विझायचा, परत टकटक, परत पेटायचा. असं थोड्या वेळा करून रुसून बंदच. ज्वाळेत एक बारीक कांडी असते, फ्लेम सेन्सर. त्यावर थर बसला की आग पेटली आहे हेच त्याला कळत नाही, मग तो गॅस तोडतो. वीज बंद करून अगदी हलक्या हाताने पुसली, चालू.

सावधान इंडेक्स
किस्से मस्त आहेत पण एक सांगतोच. आवाजाने निदान कळतं ते ठीक. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र ना आवाज ना वास. बेडरूमपाशी अलार्म हवाच. आमच्या शेजाऱ्यांचा पहाटे वाजला, सगळे कपड्यानिशी बाहेर पळाले, हीट एक्स्चेंजर तडकलेला निघाला. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, बाहेर पडा आणि मग फोन. ज्वाळा निळी असावी, पिवळी लपलपती दिसली तर माणूस बोलवा.

निशाचर
+१. उद्याच अलार्मची तारीख बघतो, तेपण एक्स्पायर होतात.

चिऊची आई
आले परत. फिल्टरवर बाण असतो तो कुठे करायचा? नवरा म्हणतो काही फरक पडत नाही.

खटपट्या
पडतो. बाण ब्लोअरकडे. आणि फार दाट फिल्टर आणू नका, हवा अडते आणि शिट्टी वाजते.

चिऊची आई
शिट्टीच वाजतेय की!! थांबा, नवऱ्याला वाचायला देते.

बंडूनाना
हिने आत्ता २३ केलं.